दसऱ्याला बंद केलेले सर्व्हर

धम्मरत्न भगतबद्दल कोणी वाकडं बोललं का माह्यं डोकं फिरते, हे आधीच सांगून ठेवते. मी रुपाली. पुसदच्या एका खाजगी दवाखान्यात सीटी स्कॅन काढते. धम्मरत्न तिथंच सर्व्हर सांभाळे. चाळिशीचा, कमी बोलणारा, डबासुद्धा सर्व्हरच्या खोलीबाहेर उभ्याउभ्या खाणारा माणूस.

आमचे सगळे जुने स्कॅन एका मोठ्या स्टोरेजमध्ये राह्यतात. बाकीचे सर्व्हर त्याले नावानं शोधतात, अन् त्या नावाचा नंबर सांगाले एक वेगळा सर्व्हर असते. आता आमच्याकडची अक्कल पाहा. तो नंबर सांगणाराच स्टोरेजच्या आत ठेवलेला! किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं. सगळं चालू आहे तवर ठीक, एकदा सगळं बंद पडलं का कोणी कोणाले सापडत नाही.

धम्मरत्न दोन वर्षं सांगून राह्यला होता, त्याले बाहेर काढा, जोडीले दुसरा ठेवा. मॅनेजर इंद्रजित साहेब म्हणत, चालू आहे ना, मंग कायले हात लावता? शेवटी त्यानं प्रत्येक सर्व्हरमध्ये स्टोरेजचं नाव अन् नंबर स्वतःच लिहून ठेवला. तर तपासणीले आलेल्या एका बाहेरच्या शहाण्यानं हे जुनाट काम आहे म्हणून ते पुसाले लावलं. साहेबांनी मान डोलावली. मले तवाच त्या माणसाची किळस आली.

यंदा दसऱ्याले धम्मरत्न बायकोपोरांले घेऊन नागपूरले दीक्षाभूमीवर गेलता. जाताना बजावून गेला, पूजा करा, पण बंद काही करू नका. साहेबांले पूजेचा फोटो पाहिजे होता. ओल्या हाताले शॉक नको म्हणून त्यांनी स्टोरेजसकट सगळं बंद केलं अन् हारफुलं वाह्यली. पूजा माह्या घरीही होते, गाडीले मीच हार घालते. पण खाटा पेशंटनं भरल्या असताना हे? थू!

तेवढ्यात ढाणकीहून जमनाबाईले आणलं. दहा दिवसांआधी ती पडली होती, तवा मीच तिच्या डोक्याचा स्कॅन काढला होता. मेंदूजवळ थोडं रक्त होतं. आता ती गुंगीत होती. मी नवा स्कॅन काढून दिला. डॉक्टर म्हणाले, जुना पाह्यल्याशिवाय डोकं उघडायचं का नाही ते ठरवता येत नाही.

सर्व्हर चालू केले. स्टोरेज काही सापडेना. साहेबांनी तीनदा बंद करून चालू केलं, नारळाचं पाणी पुसलं, माह्यावरच खेकसले. जमनाबाईची सून निकिता दारात उभी होती, अन् तिच्यासमोर पेढे वाटणं चालूच.

दीक्षाभूमीच्या गर्दीत धम्मरत्नले फोन लागेना. दीड तासानं लागला. त्यानं आधी विचारलं, पेशंट कोण आहे. मंग स्टोरेजचा नंबर तोंडपाठ सांगतला.

"रुपालीताई, आधी नंबर, मंग जागा सोडून नाव. घाई करू नका, एक टिंबही चुकू देऊ नका."

पुसलेली ती ओळ मी सर्व्हरमध्ये एकेक आकडा तपासत टाइप केली. मिनिटभरात स्टोरेज सापडलं. जुना स्कॅन उघडून नव्याशेजारी ठेवला तर रक्त तिपटीनं वाढलेलं. डॉक्टर तिले घेऊन धावलेच.

जमनाबाई वाचली. उजवा हात लुळा पडला. डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, दोन तास आधी डोकं उघडलं असतं तर बहुतेक हात राह्यला असता.

चार दिवसांनी निकिता विचाराले आली, उशीर काहून झाला ते लेखी द्या. साहेबांनी कागद तयारच ठेवला होता. अचानक तांत्रिक बिघाड झाला, कोणाचा दोष नाही, अन् खाली सहीले धम्मरत्नचं नाव. निर्लज्जपणाची हद्द झाली! धम्मरत्ननं कागद सावकाश वाचला. बिघाडाच्या ओळीवर रेघ मारली अन् लिहिलं, पूजेसाठी मुद्दाम बंद केलं, बंद करू नका असं आधी सांगतलं होतं. सही केली. साहेबांनी हात पुढं केला, पण त्यानं कागद निकिताले दिला.

"नोकरी जाईल तुमची," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या."

निकितानं कागद दोनदा वाचला. रडली नाही, ओरडली नाही. साहेबांकडं पाहून एवढंच म्हणाली, "पूजेत मागतलं तरी काय होतं तुम्ही?"