गुरुजींचा ओला सदरा

अकोला स्टेशनवर पाय ठेवला आणि कुणी भट्टीचं दार उघडं टाकलंय की काय, म्हणून मागे वळून पाहिलं. भट्टी नव्हती. मे महिन्यातली सकाळ होती फक्त.

समोर माझे व्याही, निवृत्त मुख्याध्यापक इंगळे गुरुजी उभे. हार नाही, गुच्छ नाही. स्वतःच्या खिशातला कांदा काढून त्यांनी माझ्या खिशात कोंबला.

"राहू द्या इवाईबुवा (व्याहीबुवा). ऊन लागत नाही त्यानं."

पहिला संशय मला तिथेच आला. इतकं प्रेम, आणि तेही व्याह्याकडून?

संध्याकाळी अमरावतीला आमच्या नातीचं नामकरण होतं. बसस्टँडवर गुरुजींनी मला दोन आलूबोंडे रश्श्यात बुडवून चारले. स्वतः मात्र शिवलेही नाहीत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"काहून प्या? मंग रस्त्यात उतरा लागते."

दुसरा संशय.

एसटीच्या खिडकीतून गरम इस्त्री फिरावी तसा वारा येत होता. घाम अंगावर टिकेना. माझ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले. बोरगाव मागे पडलं आणि मी गुरुजींकडे पाहिलं. सगळी बस कोरडी, आणि यांचा सदरा पाठीला चिकटलेला, पिळून घ्यावा इतका ओला! चेहरा राखेसारखा. हात डाव्या खांद्यावर.

"ऊन लागून राह्यलं थोडं," ते पुटपुटले.

"कांदा हुंगवा त्याईले!" मागून कुणी ओरडलं. सगळ्या बसनं माना डोलावल्या. कांदा माझ्याच खिशात! पण मी तो काढला नाही. उभा राहिलो आणि नाटकातल्या राजासारखा गरजलो, "बाई, हे ऊन नव्हे!"

कंडक्टर बाईंनी गुरुजींचा हात धरला. "अगं माय! थंडगार हाय. ऊन लागलेला माणूस तापते." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, मूर्तिजापूर दवाखान्यात घ्या सरळ."

"पॅशिंजर काहून खोळंबवता?" गुरुजी कण्हले.

"गुमान बसा, काका!"

दवाखान्यात झटका निघाला, हृदयाचा. डॉक्टर म्हणाले, "उन्हात शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त राबावं लागतं. यांचं आधीच थकलेलं होतं. आणखी तासभर कांदा हुंगवत बसला असतात तर..."  

पुढचे उपचार अमरावतीत झाले. चौथ्या दिवशी गुरुजी नीट बोलू लागले, तेव्हा आधी माझ्या खिशाकडे पाहिलं.

"कांदा तुमाले देल्ला, तितंच चुकलं माहं."

माणूस वाचला, याची माझी खात्री तेव्हा पटली.

नात मांडीवर घेऊन, नाव ऐकून मी पुण्याला परतलो. माझ्या संशयी स्वभावाला बायको आयुष्यभर नावं ठेवत आली आहे. हल्ली ठेवत नाही. कांदा टेबलावर आहे. मी रोज दुपारी अकोल्याला फोन लावतो.

"पाणी?"

"पेलो."

"गोळी?"

"घेतली ना बाप्पा!"

"सदरा?"

पलीकडे गुरुजी पाठ चाचपून पाहत असावेत.

"कोरडा हाय, इवाईबुवा."