आत फार उकडतं

त्या दुपारी आमच्या गल्लीमागच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळू लागला. डोळे चुरचुरायला लागले, तशी अग्निशमन दलाने सगळी गल्ली चढावरच्या मैदानावर हलवली. बाहेरून पाण्याचे फवारे चालू होते, पण आतला व्हॉल्व्ह बंद करायला कुणाला जाता येईना. शेवटी कलेक्टरांनी लष्कराचं खास पथक बोलावलं.

डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख चढवून दोन जवान आत शिरले. आम्ही मैदानाच्या कडेला येऊन कारखान्याच्या दाराकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले आणि त्यांनी हात उंचावले. गळती थांबली होती! मैदानभर आरोळी उठली.

पोशाख धुऊन उतरवल्यावर त्यातला एक जण आमच्याजवळ येऊन बसला. त्याने बूट उपडा केला, तर घामाची धारच लागली.

“अरे लेकरा, केवढा घामाघूम झालास!” शेजारच्या मावशी कळवळल्या.

“आत फार उकडतं हो, मावशी,” तो हसला.

शौर्य म्हटलं की मला तलवारी आणि तोफाच आठवायच्या. शौर्याला उकडतही असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. मावशी पदराने त्याला वारा घालू लागल्या, आणि बघता बघता आम्ही सगळेच, हाताला लागेल त्याने, वारा घालत सुटलो.