शिस्टरबाईंचे इंजिन

'तुम्हाला जमायचे नाही' असे कुणी म्हटले, की आत्याचे निम्मे काम तिथेच सुरू व्हायचे. पेडगावात तिला सगळे शिस्टरबाई म्हणत. ती सरकारी नर्स. गावातल्या बायका सायकलवरही बसत नव्हत्या, तेव्हा ती लसींचा डबा बांधून मोटारसायकलवर खेडोपाडी हिंडली. पारावरची माणसे हसायची. आत्या गाडी हळू करून विचारायची, "हसून झालं का? मग या, सुई टोचते."

निवृत्तीनंतर गाडी पत्र्याच्या खोलीत बंद पडून राहिली. माझा धाकटा भाऊ संजू याला तिथे सोयाबीनची पोती ठेवायची होती. एक दिवस तो भंगारवाल्याला हातगाड्यासकट घेऊन आला. आत्या दारात आडवी उभी राहिली. "माझी गाडी ढकलत न्हाई जायची. जाईल तवा सोताच्या इंजिनावर जाईल."

आत्याने गाडी खोलली. इंजिन परभणीच्या मिस्त्रीकडून नवे होऊन आले आणि पोत्यावर बसून राहिले. ते सांगाड्यात चढवायचे कसे? आत्याच्या पाठीचे ऑपरेशन झालेले, वजन उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई.

"दोन गडी लागतेत, आत्या," संजू म्हणाला. "तुझं काम न्हाई हे."

"मंग दोन्ही गडी लोखंडाचे करू."

संजूने हट्टाने बोअरची मोटार काढायची तिपाई आणली. दोर बांधला, ओढला. इंजिन बोअरच्या मोटारीसारखे उभे लटकले, गरकन फिरले आणि सांगाड्याचा ताजा रंग खरवडून गेले. संजू म्हणाला, "सांग बरं, बोलवू का भंगारवाला?"

आत्याने खरवडलेल्या जागेवर बोट फिरवले. "मोटार लांबडी असती, सरळ लटकती. इंजिनाचं वजन एका अंगाला. खोकल्याच्या लेकराला मलम लावतेत का रे? ने तुझी तिपाई."

आता तिने इंजिन उचलायची स्वतःची चौकट मांडली. यादी केल्याशिवाय मला बाजारात पाऊल टाकता येत नाही, म्हणून सामानाचे काम माझ्याकडे आले. मी लिहीत जायची, ती खोडत जायची. "पाइप कशाला? पलंग हाय की." लोखंडी पलंग कापून चौकटीचे चार पाय झाले. अडगळीतली हाताने फिरवायची कडबाकुट्टी मोडून तिचे दातेरी चाक काढले. त्याला खिटी बसवली, म्हणजे हात सुटला तरी ओझे खाली येणार नाही. गावातला वेल्डर म्हणाला, "शिस्टरबाई, एवढ्यासाठी क्रेन भाड्यानं मिळंल की." आत्या म्हणाली, "तुला डाग मारायला बोलावलंय, सल्ला द्यायला न्हाई."

खरी करामत एका लोखंडी पट्टीत होती. ती इंजिनाच्या वरच्या बोल्टांना आवळायची. पट्टीला ओळीने भोके पाडलेली. आत्या दोराचा आकडा एका भोकातून दुसऱ्यात घालत गेली, दर वेळी चाक फिरवून इंजिन बोटभर उचलून बघत गेली. शेवटी ते सपाट लटकले, ताटासारखे.

"उंबऱ्याच्या आत कुणी यायचं न्हाई," ती म्हणाली. आम्ही बाहेर. ती दांडा फिरवायची, खिटी टकटक पडायची, दमली की स्टुलावर बसून चहा प्यायची आणि इंजिन हवेत तिची वाट बघायचे. मग तिने ते इंच-इंच खाली सोडले. बोल्ट आपोआप गेल्यासारखा आत सरकला. संजूने टाळ्या वाजवल्या. "टाळ्या ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली, "पोती दुसरीकडं लाव."

त्या गाडीवर ती वर्षभर फिरली. मग गुडघ्यांनी दगा दिला, किक बसेना. आत्याने गाडी विकायची स्वतःच ठरवली आणि गिऱ्हाईकही स्वतःच पाहिले, येलदरीकडचे एक तरुण मास्तर. ते टेंपो घेऊन आले, गाडी चढवायला फळीही लावली.

"टेंपो कशाला?"

"लांब पडतंय, बाई. जुनी गाडी..."

"चालवत नेणार असाल तर गाडी तुमची. न्हाईतर राम राम."

मास्तरांनी माझ्याकडे बघितले. मी आकाशाकडे बघितले. त्यांनी किक मारली. गाडी फटफटत रस्त्याला लागली आणि तिच्या मागून रिकामा टेंपो गेला.

आवाज विरेपर्यंत आत्या दारात उभी होती. मी विचारले, "आत्या, वाईट वाटायलंय का?"

"वाटायलंय की," ती म्हणाली. "म्हणून काय टेंपोत घालू?"