एक नंबर मोठी मोटार

कोणतीही वस्तू दिसली की भटूनाना ती आधी उचलून बघत. माझ्या ताडपत्री-मांडवाच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा रामराम-नमस्कार काही नाही. दारातली ताडपत्रीची गुंडाळी दोन्ही हातांनी वर घेतली, क्षणभर डोळे मिटले, खाली ठेवली आणि मग विचारलं की हिच्यातून पाणी झिरपतं का. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते पाट उचलून बघत. कोणाचं बाळ बघायला गेले तर बाळाच्या आईलाच तिच्या लेकराचं वजन सांगत, आणि ते बहुतेक बरोबर निघे. जन्मभर विहिरीवरच्या मोटारी विकलेला माणूस, हाताचा तराजू झाला होता त्यांच्या.

नाना मूळचे दोंडाईचाकडचे. तरुणपणी जळगावला आले, मोटारपंपांचं दुकान टाकलं आणि मेहरूणला आमच्याच गल्लीत घर बांधलं. इतकी वर्षं शहरात काढूनही बोलणं गावाकडचंच राहिलं. शेतकरी तीन एचपीची मोटार मागायला आला की नाना त्याला पाचची दाखवत. "एक नंबर मोठी ल्या, भाऊ. व्होल्टेज पडनं म्हंजे मनी याद यी," म्हणजे तेव्हा माझी आठवण येईल, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात लबाडी नव्हती. आमच्याकडची वीज कधी येते आणि आली तर कितपत जोर धरते, हे ज्याने भोगलंय त्याला हे वाक्य पटतंच. पुढे ते वाक्य घरातही शिरलं. कुकर एक नंबर मोठा, पलंग एक नंबर मोठा, मुलाच्या लग्नातला मांडवही मोठा. तो मांडव माझ्याकडचा होता, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांचं माहेर वरणगावच्या पलीकडे तापीकाठी होतं. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, भाऊ सुरतेकडे पांगले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी असलेल्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात. त्या दिवशी गल्लीतल्या सुना पिशव्या भरून निघाल्या की अक्का ओट्यावर बसून सगळ्यांना वाटेला लावत आणि मग उगाचच घर झाडायला घेत. एका उन्हाळ्यात कोणीतरी सांगितलं की पाणी उतरलं की त्यांच्या गावची गढी बेटासारखी उघडी पडते. गढी म्हणजे पांढऱ्या मातीचं ते उंच टेकाड. अक्का त्यावर एवढंच म्हणाल्या की एकदा तिथे पाय ठेवायला मिळाला असता तर बरं झालं असतं. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली मला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट.

भोई लोकांच्या होड्या तिथे होत्या. पण इंजिनच्या होडीचा धूर अक्कांच्या दम्याला सोसला नसता आणि वल्ह्याच्या होडीत खाली मांडी घालून बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमलं नसतं. म्हणून नानांनी नाशिककडच्या एका बंद पडलेल्या क्लबातून शिडाची जुनी होडी आणली. केळी पोचवून रिकामा परतणाऱ्या ट्रकमधून ती आमच्या गल्लीत उतरली. तळाला चिरा, डोलकाठी मोडलेली, शिडाच्या जागी चार चिंध्या. नानांनी तिचं एक टोक उचलून बघितलं आणि हलकी आहे म्हणून नाक मुरडलं.

मग ती होडी आमच्या डोक्यावर बसली. मी हे कौतुकाने सांगत नाही, मी तेव्हाच दमलेला माणूस होतो. दिवसभर दुकान, संध्याकाळी नानांची हाक. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्याकडून तळ सांधून घेतला. डोलकाठी म्हणून शेतातल्या तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला. शीड माझ्याकडे आलं. मी ते ताडपत्रीसारखं सपाट शिवून दिलं, तर वाऱ्यात नुसतं फडफडायला लागलं. शिडाला पोट लागतं, हे तेव्हा कळलं. सगळं उसवून पुन्हा शिवलं. अक्कांसाठी नानांनी मधोमध पाठ टेकायची खुर्ची बसवली आणि ती बसवताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला पुढे कुरकुर करता येईना.

शीड होतंच, पण वारा नसेल तेव्हा मोटार हवी. ती बिनधुराची, म्हणजे विजेची. इथे नाना अडकले. जन्मभर लोकांना मोटारी निवडून दिलेला माणूस स्वतःची मोटार निवडायला बसला. पुण्याच्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं की एवढ्या होडीला सगळ्यांत लहान मोटार आणि एक लिथियम बॅटरी पुष्कळ झाली. नानांना त्यातलं काहीच रुचेना. ताकद एचपीत न सांगता पौंडात सांगतात, यावरच त्यांचा पहिला आक्षेप. मग मोटारीचा पाण्यात उतरणारा दांडा आखूड घ्यावा की लांब, वजन किती, एका चार्जिंगवर जाऊन-येऊन पुरेल का. लिथियम हलकी, हे त्यांना मान्य होतं, पण त्यांचा प्रश्न एकच, "बिघडनी ते मिस्तरी कोठे शे?" त्या विचारात एक आखाजी निघून गेली. मला राग आला होता. मी तो अक्कांसमोर बोलून दाखवला, तर त्या उलट नवऱ्याच्याच बाजूने बोलल्या.

"बुडेल गाव कोठे जास?" त्या नानांना म्हणाल्या, बुडालेलं गाव कुठे पळून जातंय, अशा अर्थाने. "तुम्ही सावकाश पहा."

शेवटी नानांनी एक नंबर मोठी मोटार घेतली. बॅटऱ्या घेतल्या त्या घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसल्या. त्यात पाणी कधी घालायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि दुरुस्तीचा मिस्तरी गल्लीच्या तोंडाशीच होता. एकीने भागलं असतं, तिथे त्यांनी मागे मोटारीजवळ चार ठेवल्या. मेहरूण तलावात होडी उतरवून बघितली तेव्हा ती ऐटीत चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. होडीची मागची बाजू पाण्यात बरीच खाली बसलीय, हे मी म्हणालो. नाना म्हणाले की धरणावर व्होल्टेज पडलं तर काय करायचं. बॅटरीवर व्होल्टेज कसं पडेल, हे विचारण्याइतकी ताकद त्या उन्हात माझ्यात नव्हती.

पुढच्या आखाजीला सकाळी आम्ही तिघे निघालो. काठावरच्या संतोष भोईने होडी लोटून दिली. अक्का नवीन लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. मोटारीचा आवाज जवळजवळ नव्हताच. कुठे त्यांची विहीर होती, कुठे चिंच होती, ते त्या पाण्याकडे बोट करून सांगत होत्या आणि नाना मागे सुकाणू धरून नुसते हसत होते. मी त्यांना इतकं सुखात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गढी दिसली. अगदी वरच्या निंबाचं वठलेलं खोड ओळखू येईल इतकी जवळ आली आणि होडीची मागची बाजू गाळात रुतली. पुढची बाजू तरंगत होती. मोटार उचलून घेतली, मी बांबू लावला, जोर केला, पण मागचं वजन हलेना. बॅटऱ्या काढून ठेवायच्या तर ठेवायच्या कुठे, चारी बाजूंना पाणी. मी एक पाय खाली टाकून बघितला तर तो मांडीपर्यंत आत गेला आणि नानांनी मला बखोटीला धरून वर ओढलं. ऊन चढत चाललं होतं. अक्कांना खोकल्याची उबळ आली. नाना एकदा गढीकडे बघत, एकदा बॅटऱ्यांकडे.

अक्कांनी गढीकडे बघून हात जोडले. मग, इथूनही दिसतेच की, अशा सुरात म्हणाल्या, "आठून बी दिसस. चला आते घर."

मोठ्या मुश्किलीने होडी मागे सोडवून आम्ही परतलो. वाटेत सांजोऱ्या खाल्ल्या. काठावर आल्यावर नानांनी एक बॅटरी उचलली आणि नेहमीसारखे डोळे मिटून न घेता ती नुसती छातीशी धरून उभे राहिले. लहान मोटार आणू, पुढल्या आखाजीला नक्की जाऊ, असं ते अक्कांना सांगत होते. अक्का हो म्हणत होत्या.

त्यानंतर नाना बदलले. थकले म्हणायला हवं. दुकान मुलगा राजू बघायचा, नाना कोपऱ्यात बसून असत. एकदा माझ्यादेखत एका शेतकऱ्याने मोटार मागितली. राजूने सवयीने मोठी दाखवली, तर कोपऱ्यातून आवाज आला, "लागी तेवढीच दे त्याले." राजूने मोठी परत ठेवली. हिवाळा संपता संपता एका दुपारी नाना जेवून पडले ते उठलेच नाहीत. खांदा द्यायला मी होतो. एवढा धिप्पाड माणूस खांद्यावर इतका हलका कसा लागला, हे मला अजून कळलेलं नाही.

आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण, तसाच गेलेल्यांचाही. वर्षभरात वारलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. राजूने आणलेली घागर नेहमीपेक्षा मोठी होती. ती बघून अक्का हसल्या, नाना गेल्यापासून पहिल्यांदाच. पूजा झाल्यावर पदर सारखा करून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की होडी काढायची. मी कंटाळलो होतो, उन्हाचंही कारण होतं, पण त्या चपला घालूनच आल्या होत्या.

मोटार आम्ही नेलीच नाही. लहान मोटार आणायची राहून गेली होती आणि मोठीला हात लावायची कोणाची इच्छा नव्हती. संतोष भोई बांबू घेऊन मागे बसला. खान्देशातला तो तापलेला पश्चिमेचा वारा, ज्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, तो त्या दिवशी पाठीमागून आला आणि मी शिवलेल्या शिडाने पोट धरलं. नाना सांगायचे ते आठवलं, की वारा काय लोडशेडिंग करत नही. मागच्या वर्षी रुतलो होतो ती जागा संतोषने दाखवली, तोवर ती मागे पडली होती. मोटार नव्हती, बॅटऱ्या नव्हत्या, नाना नव्हते. होडी हलकी होती. ती सरळ गढीच्या कडेला जाऊन टेकली.

"आज ते राहतात ते आखो एक बॅटरी ठेवतात," अक्का म्हणाल्या. आज ते असते तर अजून एक ठेवली असती, असं. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांना पदर लावलेल्या अक्कांकडे बघवेना.

त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या. चपला होडीतच काढून ठेवल्या होत्या. वर चढणं जमणार नव्हतं, म्हणून कडेलाच थोडं चालल्या, वाकल्या आणि गढीचं एक पांढरं ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

"जड शे," म्हणाल्या, आणि ते ओटीत घेऊन होडीकडे वळल्या.