अपिलाचं वय

मला प्रबंधकांनी फसवलं. भाऊसाहेबांना त्यांनी माझ्याही आधी फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण राग आला की मी समोर दिसेल त्याच्यावर काढतो, आणि त्या दिवशी समोर भाऊसाहेब होते.

सरकारी खात्याने चुकीचा हुकूम काढला तर त्यावर अपील ऐकणारं एक न्यायाधिकरण आमच्या नाशकात आहे. भाऊसाहेब तिथले वरिष्ठ लिपिक. तुमच्यापैकी कुणी त्या पायऱ्या झिजवल्या असतील तर त्यांना पाहिलंच असेल. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर, आणि माणूस टेबलाशी आला की एकच प्रश्न : “बसा. वय काय?”

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, “एक्कावन्न.”

“तुमचं नाही हो शेठ. अपिलाचं.”

माझं अपील तेव्हा चार महिन्यांचं होतं. विंचूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत बेदाण्याच्या शेडसाठी मला प्लॉट मिळाला होता. द्राक्षाच्या पेट्या खांद्यावर वाहून मी धंदा उभा केला; प्लॉट कुणाच्या मेहरबानीने घेतला नव्हता. बांधकामाला उशीर झाला म्हणून खात्याने तो रद्द केला. उशीर का झाला, तर वीजच वेळेवर दिली नाही म्हणून. निकाल लागेपर्यंत प्लॉट दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढा मनाई हुकूम मी न्यायाधिकरणाकडून मिळवला होता. माझं सगळं त्या मनाईवर टिकून होतं.

घासाघीस माझ्या रक्तात आहे. “भाऊसाहेब, तारीख जरा अलीकडे घ्या. आम्हीही माणसं ओळखतो.”

त्यांनी पेन्सिलीने मागची भिंत दाखवली. तिथे जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी जोडून केलेला तक्ता होता. एप्रिल ते मार्च असे बारा रकाने, त्या त्या महिन्यात ऐकायची अपिलं, आणि सगळ्यात जुनं सगळ्यात वर. कार्यालयाचं वार्षिक नियोजन म्हणजे हा तक्ता. सुरगाण्याच्या अपिलांना पेन्सिलीचा छोटा गोल होता.

“तिकडची जीप अकराच्या आत पोचत नाही. त्यांचा पुकारा बारानंतर,” ते म्हणाले. “आणि तुमच्या वर ही आजी आहे. वय चार वर्षं. तिला ओलांडून तुम्हाला कसं घेऊ?”

सुरगाण्याची ती आजी बाकावरच बसली होती. कसत आलेल्या डोंगरातल्या जमिनीचा तिचा दावा फेटाळला होता. दर तारखेला खात्याचा वकील कागद आणायला विसरायचा आणि तारीख पुढे जायची. ती मला म्हणाली, “बस रं शेठ. मी चार वरसं बसलेय, तुला काय काटं टोचत्यात?”

सगळा बाक हसला. मी चिडलो, पण बसलो.

एकदा चहा पिताना मी भाऊसाहेबांना विचारलं, वयाचं एवढं काय घेऊन बसलात?

“माझी जन्मतारीख एक जून,” ते म्हणाले. “निफाडकडच्या आमच्या शाळेत मास्तरांनी अर्ध्या वर्गाला तीच टाकली. माझं कागदावरचं वय खोटं आहे, शेठ. दुसऱ्यांचं तरी खरं राहू द्या.”

अशा तारखा पडत जवळजवळ चार वर्षं गेली, मग कार्यालयाला नवे प्रबंधक आले. एप्रिलमध्ये त्यांनी वर्षाची उद्दिष्टं छापून दारावर लावली. पहिलंच उद्दिष्ट : मार्चअखेर पाच वर्षांवरचं एकही अपील शिल्लक राहू नये. त्या दिवशी भाऊसाहेबांच्या टेबलावर पेढे होते.

“एवढी नोकरी झाली, पण माझ्या मनातलं साहेबाने पहिल्यांदा लिहिलं.”

ते वर्षभर सुट्टीच्या दिवशीही येऊन बसले. जुन्या फाइलींमधले हरवलेले कागद शोधले, खात्यांना पत्रांवर पत्रं धाडली. दिवाळीनंतर अपिलं ऐकणाऱ्या सदस्यांची बदली झाली. ऐकणारी खुर्चीच रिकामी. तक्त्यावरचे चौकोन तसेच राहिले.

एप्रिलमध्ये मला पत्र आलं. माझं अपील एकतीस मार्चला निकाली काढून नव्या क्रमांकाने दाखल केलं होतं. सुनावणी झाली नव्हती, मला कुणी बोलावलं नव्हतं. नवा क्रमांक म्हणजे वय शून्य. जुनं अपील संपलं, म्हणून त्यावरची मनाईही संपली. पंधरा दिवसांत प्लॉट दुसऱ्याच्या नावावर झाला.

मी जाऊन टेबलावर हात आपटला. “कसला भाऊसाहेब? साहेबाचा शिक्का आहेस तू! वय विचारत होतास ना? आता सांग माझ्या अपिलाचं वय!”

भाऊसाहेब उठले आणि त्यांनी दोन फाइली आणल्या, माझी आणि आजीची. दोन्हींना नवं कोरं कव्हर. त्यांनी कव्हर उलटलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं. माझ्या फाइलीवर : मार्चअखेर खरं वय पाच वर्षं एक महिना. आजीच्या : नऊ वर्षं.

“शिक्का मी मारला, शेठ. त्याला नाही म्हणणार नाही. ही अपिलं ऐकलेली नाहीत, असं टिपणही मी लिहिलं होतं. साहेबांनी त्याच्याखाली शेरा मारला, ‘उद्दिष्ट गाठणे आवश्यक.’”

मी माफी मागितली नाही. फाइली तशाच उघड्या टाकून निघून आलो.

मेअखेर ते निवृत्त झाले. एक जूनला सकाळी माझा फोन वाजला.

“शेठ, वय काय?”

मी म्हणालो, “पाच वर्षं तीन महिने.”

“आजीचं?”

“नऊ वर्षं दोन महिने.”

“बरोबर. विसरू नका.” फोन बंद.

दर महिन्याच्या एक तारखेला हेच. दुसरं काही ते बोलत नसत. माफीचा शब्द माझ्या तोंडाशी येई, तोवर त्यांनी फोन ठेवलेला असे.

या महिन्यात फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला. वहिनींनी उचलला. ताप आला होता, दोन दिवसांत गेले, म्हणाल्या.

काल न्यायाधिकरणात गेलो. भिंतीवर तक्ता नाही. तिथे छापील फलक आहे : पाच वर्षांवरील अपिले, शून्य. भाऊसाहेबांच्या जागी बसलेल्या बाईंनी विचारलं, “नंबर?”

“वय सांगतो. सहा वर्षं सात महिने.”

त्यांनी संगणकात पाहिलं. “इथे दीड वर्ष दाखवतंय.”

बाकावरून आजीने विचारलं, “आपला भाऊसायेब कुठं गेला रं?” मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

प्रबंधक साहेब, तुमचं उद्दिष्ट पुरं झालं. माझी पाच वर्षं एक महिना आणि आजीची नऊ वर्षं कोणाच्या हुकमाने पुसली, ते आता सांगा. आमच्या फाइली मागवा, कव्हर उलटा, आतली पेन्सिल मोठ्याने वाचा. मला उत्तर लेखी द्या. आजीला वाचता येत नाही, तिला समोर बसवून तोंडी द्या. आणि बारानंतर बोलवा. तिची जीप अकराच्या आत पोचत नाही.