सिस्टर ट्रॅमलचं एक वाक्य

माउंट नेबो या काळ्या लोकांच्या चर्चमधलं कोणी वारलं की अर्नेस्टीन ट्रॅमल ठराव लिहायला बसे. एकतीस वर्षं ती चर्चची क्लार्क होती, आणि तिथे सगळे तिला सिस्टर म्हणत. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढायची आणि दुपारी टपोऱ्या अक्षरात गेलेल्यांचे गुण लिहायची. ‘ज्याअर्थी प्रभूला आपल्या बांधवास घरी बोलावणे योग्य वाटले’ अशी सुरुवात, ‘त्याअर्थी ठराव करण्यात येतो की’ असा शेवट, आणि मधली वाक्यं ठरलेली. ‘त्यांनी कोणताही भेदभाव न करता देवाच्या सर्व लेकरांची सेवा केली’ हे वाक्य तिने दारुड्या अमोसलाही लावलं होतं, आणि त्याने तर आयुष्यभर बाटलीखेरीज कोणाची सेवा केली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहिले तर कोणाचं काय बिघडतं, असं तिचं म्हणणं.

एकदाच तिने ते वाक्य जिवंत माणसाला लावलं, आणि तिथेच घोळ झाला.

नऊ वर्षांपूर्वी चर्चमधली मिस ल्यूडी वारली. तिने गोऱ्यांच्या घरी कामाला राहून प्रेस्कॉट हॅल्बर्टला लहानपणापासून न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. हॅल्बर्ट तेव्हा जिल्ह्याचा सरकारी वकील होता. तो अंत्यविधीला आला, घरच्यांबरोबर पहिल्या बाकावर बसला, हुंदके देऊन रडला, आणि चर्चमध्ये फार उकडतं म्हणून पुढच्याच आठवड्यात एअर कंडिशनर पाठवून दिला. रेव्हरंड स्पाइव्हींनी सांगितलं, सिस्टर, आभाराचा एक ठराव लिहा. तिने हाताच्या सवयीने लिहिला, शिक्का मारला, पाठवून दिला.

आता त्याच हॅल्बर्टला वॉशिंग्टनने फेडरल न्यायाधीश करायचं ठरवलं होतं. मंगळवारी अर्नेस्टीन टीव्हीसमोर घेवडा सोलत बसली होती. मंटगमरीहून गेलेली एक वकीलबाई नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या समितीला सांगत होती की या माणसाने अठरा वर्षं काळ्या लोकांना ज्यूरीत पाऊल ठेवू दिलं नाही. पुढे हॅल्बर्टची पाळी आली. त्याने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि तिचं वाक्य वाचलं. कोणताही भेदभाव न करता. ‘ह्या मिसेस ट्रॅमल माझ्या जुन्या स्नेही,’ असंही वर म्हणाला.

तिला शिसारी आली. पातेल्यातला घेवडाही नकोसा झाला. हॅल्बर्टच्या अमदानीत तिला ज्यूरीसाठी चार वेळा बोलावणं आलं होतं, आणि चारही वेळा त्याने सरकारी वकिलाचा नकाराचा हक्क वापरून तिला घरी पाठवलं होतं. चौथ्या वेळी न्यायाधीशांनी कारण विचारलं. ‘बाई चर्चच्या क्लार्क आहेत,’ तो हसून म्हणाला, ‘अशा लोकांना आरोपीची फार दया येते.’ हे सगळं ठराव लिहिताना तिला ठाऊक होतं. तरी लिहिलं होतं. हॅल्बर्टची किळस यायचीच, पण त्या दिवशी तिला स्वतःच्या हाताचीही आली.

बुधवारी चर्चची सभा होती. ठराव मागे घ्यावा, अशी सूचना तिने मांडली. नियमाप्रमाणे अनुमोदन हवं होतं. रेव्हरंड म्हणाले की देवाच्या घरात राजकारण नको. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन व्हर्डेलने वर भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हॅल्बर्टचा एअर कंडिशनर घरघरत होता.

‘डीकन, त्या डबड्यापायी आपण किती वर्षं मिंधे राहायचं?’ अर्नेस्टीन म्हणाली. ‘उकडलं तर हातपंख्यांनी वारा घेऊ. हात शाबूत आहेत अजून.’

आयुष्यभर ज्यांच्या घरच्या मयतांना तिने चांगलं म्हटलं, ती माणसं मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली. तिला त्यांचाही वीट आला.

मागच्या बाकावरून मिस ल्यूडीची मुलगी कोरीन उठली. पायाने अधू, उठायला वेळ लागला.

‘माझ्या आईसाठी तो रडला, ते मी पाहिलंय,’ ती म्हणाली. ‘आणि वर्षभरात माझ्या भावाला, रॉयलला, बारा गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे उभं करून आत टाकलं, तेही पाहिलंय. तेव्हा काही त्याचे डोळे ओले नव्हते. माझं अनुमोदन, सिस्टर.’

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. रेव्हरंडांचा हात शेवटपर्यंत खालीच राहिला.

नवा ठराव तिने तिथेच बसून लिहिला. यात एकही ठरलेलं वाक्य नव्हतं. ज्याअर्थीच्या पुढे तिला घरी पाठवल्याच्या चार तारखा होत्या, आणि त्याने दिलेलं कारण त्याच्याच शब्दांत. खाली सही केली, आणि सहीखाली दरवेळेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं, चर्चची क्लार्क. अंत्यविधीचं दुकान चालवणाऱ्या मिस्टर बोल्डनकडे फॅक्स होता. त्यांनी गुरुवारी तो कागद वॉशिंग्टनला पाठवला.

पुढच्या मंगळवारी समितीतल्या एका सिनेटरने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि हॅल्बर्टला विचारलं, या मिसेस ट्रॅमलबद्दल काय म्हणणं आहे?

हॅल्बर्टने चष्मा काढून पुसला. या नावाच्या कोणी बाई आपल्याला आठवत नाहीत, असं तो म्हणाला.

कोरीन शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती संतापून काही बोलणार, तोच अर्नेस्टीनने उठून टीव्ही बंद केला.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘आता त्याला न्यायाधीशाची खुर्ची मिळाली तरी माझ्या शब्दावर मिळणार नाही.’