बाबांचा आवाज आणि गच्चीवरची छत्री

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला. मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त खायला आणतात. कुणी म्हणालं की अमुक आवाज आला, तमुक सावली दिसली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला — वायरिंग तपासलं का? तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय याची मला लाज वाटतेय. पण घरात या विषयावर बोलायची सोय उरलेली नाही, आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट अकोल्याची. जठारपेठेत माझं सासर आहे. एकमजली घर, वर मोकळी गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी आणि टाकीशेजारी डिशची छत्री. घरात आता सासूबाई एकट्याच असतात. मी त्यांना आईच म्हणते. नितीन, म्हणजे माझा नवरा, आणि मी सुटी असली की गाडी काढून जाऊन येतो.

सासरे, बाबा, गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते कृषी विद्यालयात शिक्षक होते. आयुष्यभर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला, आणि शेवटी गळ्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आमचं लग्न त्याच्यानंतरचं, त्यामुळे बाबांना बोलताना मी कधी ऐकलंच नाही. मला माहीत असलेले बाबा टाळ्या वाजवायचे. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडे या, आणि एकच पण खणखणीत वाजली तर 'पुरे झालं तुमचं'. बाकीचं काम भुवया करायच्या. आई सांगायच्या की यांनी वर्गात हजेरी घेतली की रस्त्यावर ऐकू जायची. मी मनात म्हणायचे, असेल बाई.

ऑपरेशनच्या आधी घरात साधा बटणांचा फोन होता. आई-बाबांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसती सनई. त्यामुळे बाबांचा आवाज कुठेच शिल्लक नव्हता... एक जागा सोडून. टीव्हीवर शेतीच्या एका कार्यक्रमात त्यांची मुलाखत झाली होती, तुरीवरच्या अळीबद्दल. तेव्हा घरात रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स होता, त्यात बाबांनी ती स्वतः रेकॉर्ड करून ठेवली होती. पाहुणे आले की लावायची, असा तेव्हा घरात रिवाजच होता म्हणे. ऑपरेशननंतर ती कुणी लावली नाही.

पुढे नितीननं नवा टीव्ही घेतला, त्याच्यासोबत नवा रेकॉर्डर आला. बसवणाऱ्यानं छत्रीची एकुलती एक वायर नव्याला दिली आणि जुना बॉक्स कपाटात गेला. आता गंमत अशी की त्यातलं रेकॉर्डिंग बाहेर काढता येत नाही. ते त्याच बॉक्सवर चालतं, आणि छत्रीचा सिग्नल मिळाल्याशिवाय तो बॉक्स काही उघडूनच दाखवत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आईंनी एके दिवशी भाजी निवडता निवडता विषय काढला.

"प्राची, एक डाव त्याईचा आवाज आयकवून दे मले."

"देऊ की आई. घाई आहे का?"

"मी इसरून राहिली वो." त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "चेहरा दिसते डोये मिटले की. आवाज नाही येत. किती जोर लावते मी... नाही येत."

चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईनं असं म्हणावं! मी म्हटलं, येत्या रविवारी लावूनच देते.

त्यासाठी काय करावं लागतं ते थोडक्यात सांगते. नव्याची वायर काढून जुन्याला लावता आली असती, पण आईंना मन होईल तेव्हा ऐकता यावं म्हणून मला दोन्ही बॉक्स कायमचे चालू हवे होते. एका वायरीला जॉइंट मारून दोन बॉक्स जोडले तर एक चालतो आणि दुसरा रुसतो. छत्रीच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो ना, एलएनबी, तो दोन वायरी निघणारा घ्यावा लागतो. मग एक वायर जुन्याला, एक नव्याला. जुन्या बॉक्सचं रिचार्ज मी आधीच चालू करून घेतलं होतं. आमच्या घरातली वायरमन मीच. नितीन लहानपणी गच्चीवर माकडासारखा चढायचा, आता शिडी दिसली की त्याची कंबर दुखते. त्याला वायरीच्या पिना आणायला बाजारात पाठवलं आणि मी वर गेले.

दुपार कलली होती. एलएनबी बदलला, पण गंजलेल्या नटावर जोर लावताना अख्खी छत्रीच फिरली. म्हणजे आता ती पुन्हा जागेवर आणणं आलं. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको... एक जण वर, एक जण खाली टीव्हीसमोर. वरचा ओरडतो, आलं का? खालचा ओरडतो, आलं, आलं... गेलं! आईंचा आवाज गच्चीपर्यंत पोचत नाही, म्हणून आमचं असं ठरलं होतं की नव्या बॉक्सवर चित्र आलं की त्यांनी मला फोन लावायचा.

आणि मी शहाणी, फोन खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला विसरून आले होते. ते माझ्या लक्षातही नव्हतं. मी आपली सवयीनं छत्री धरून ओरडले, "आलं का?"

"नाही आलं. तिकळे घे," खालून खिडकीतून आवाज आला.

पुरुषाचा आवाज होता. भरदार, मोकळा. मी धरून चालले की शेजारचे कुणी काका आले असतील. आमच्या गल्लीत एक जण गच्चीवर चढला की चार घरं सल्ला द्यायला हजर होतात. मी छत्री सरकवली.

"अरे इतलं नाही! मांगं घे नं बाप्पा, मांगं!"

लोकांच्या सुनेला 'अरे' म्हणणारा हा कोण टिकोजीराव, असं वाटून मला जरा रागच आला. पण हात छत्रीवर होते आणि सांगणारा बरोबर सांगत होता. मी मागे घेतली.

"आलं... आलं... गेलं! जरासं अजून. हां... हां, बस. बस! आता तिथंच मर."

मला हसूच फुटलं. म्हटलं काय ही तऱ्हा मदत करायची! नट आवळला, हात झटकले आणि खाली आले.

समोरच्या खोलीत कुणी नव्हतं. टीव्हीवर स्वच्छ चित्र होतं. आई स्वयंपाकघरातून माझा फोन हातात घेऊन येत होत्या.

"चित्र येऊन गेलं म्हनून तुले फोन लावला तं तुयाच फोन आतमंदी वाजून राहिला. तोच आनाले गेली होती मी. आलं का वो चित्र?"

"आलं की. कोण आलं होतं सांगायला?"

"कोन येते? दरवाजा तं लावलेला हाये."

मी दरवाजाकडे पाहिलं. आतून कडी होती. पण तेवढ्यात नितीननं बाहेरून दार खडखडवलं, पिना आल्या, आणि मी कामाला लागले. आवाज खिडकीतून आला असेल, रस्त्यावरून कुणी बोललं असेल, एवढा विचार करून मी तो विषय सोडला.

जुना बॉक्स जोडला. तो बराच वेळ घरघरला, आणि मग लागला. आई अगदी टीव्हीपुढे खुर्ची घेऊन बसल्या. पदर सारखा केला, पाहुणे येणार असल्यासारखा. मुलाखत सुरू झाली. तुरीचं शेत, वाऱ्याचा आवाज, लांबून बैलाच्या गळ्यातली घंटा. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, या अळीचं नियंत्रण कसं करायचं?"

बाबांनी तोंड उघडलं. काळे केस, भरलेले गाल, गळ्याला ऑपरेशनचं भोक नाही, उजवा हात हवेत. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"आवाज वाढव," आई म्हणाल्या.

वाढवला. वारा घोंघावला. त्या मुलीनं पुढचा प्रश्न विचारला तेव्हा शोकेसच्या काचा थरथरल्या. बाबा पुन्हा बोलू लागले आणि पुन्हा नुसते ओठ. ते बोलत असतानासुद्धा मागची घंटा ऐकू येत होती. मी लाल-पांढऱ्या पिना काढून घातल्या, वायर बदलली, मागे-पुढे करून पाहिलं. बाकीची सगळी रेकॉर्डिंग्ज व्यवस्थित वाजत होती. यातही सगळं वाजत होतं. फक्त बाबा नाही.

आता माझ्यातली मास्तरीण बोलते. टीव्हीवर येणारा आवाज एकत्र मिसळलेला असतो. बॉक्स बिघडला तर सगळाच आवाज जाईल, किंवा सगळाच खरखरेल. मिसळलेल्या आवाजातून एकाच माणसाचा आवाज वेचून काढणं हे त्या म्हाताऱ्या बॉक्सच्या बापाला जमणार नाही. आणि हेच रेकॉर्डिंग नितीननं पूर्वी दहादा तरी ऐकलेलं होतं, बाबांच्या आवाजासकट.

आई उठल्या आणि चहा ठेवला.

चहा घेताना वातावरण हलकं करावं म्हणून नितीननं विचारलं, "तू एकटीनं छत्री जुळवली कशी? आम्हाला अख्खी दुपार लागायची."

मी हसत सांगितलं, "एकटीनं कुठे? खालून कुणीतरी काका ओरडत होते. 'मांगं घे नं बाप्पा' काय, आणि शेवटी तर म्हणाले, 'आता तिथंच मर'!"

नितीनचा कप बशीवर आपटला. तो माझ्याकडे असा बघत राहिला की माझं हसू तोंडातच राहिलं.

"हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

"काय?"

"मी वर चढायचो आणि बाबा खालून... चित्र आलं की दर वेळी हेच म्हणायचे. तिथंच मर."

त्यानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. तो आजही शपथेवर सांगतो. शेजारी मी दुसऱ्या दिवशी विचारून आले, ती मंडळी शनिवारीच शेगावला गेली होती, त्या सकाळी परतली होती. मग ते 'अरे'ही मला कळलं. वर छत्रीला हात लावून नितीनच उभा आहे, असं वाटलं असेल त्यांना.

आई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. "कसा होता आवाज?"

मी सांगितलं. भरदार होता, मोकळा होता, शेवटी जरा हसल्यासारखा होता. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्यांनी म्हणून दाखवायला लावलं, तेही केलं. माझ्या बारीक आवाजात ते किती खोटं वाटत होतं! त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या... नाही, असा नाही.

मग म्हणाल्या, "तू तं त्याईचा आवाज कदी आयकलाच नव्हता. तुले कायले आला? मी इथंच होती नं. फोन आनाले गेली फक्त."

मलाच का, याचं कारण शोधायचं मी सोडून दिलंय. एकच गोष्ट मला खाते — त्या फोन आणायला आत गेल्या नसत्या तर?

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर आम्ही अकोल्याला गेलो की आई मला गच्चीवर पाठवतात. "छत्री जराशी हालवून पाह्य वो," म्हणतात. सुरुवातीला मी समजूत घातली, नितीन तर चिडला, पण शेवटी जाते मी. नट सैल करते, छत्री फिरवते, खाली चित्र जातं. आई टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसलेल्या असतात, फोन बंद करून. मी वरून ओरडते, "आलं का?"

खालून काहीच येत नाही. गेल्या खेपेला मी वाट पाहून पाहून खाली उतरले आणि म्हटलं, "आई, चित्र मध्येच येऊन गेलं असेल हो. तुम्ही निदान फोनवर सांगा तरी, म्हणजे मी तिथे थांबवेन."

त्यांनी 'सिग्नल नाही' अशी पाटी आलेल्या पडद्यावरून नजर काढली नाही.

"मीच सांगतलं," त्या म्हणाल्या, "तं ते कायले सांगतीन?"

छत्री अजून तशीच वाकडी आहे. आई मला ती सरळ करू देत नाहीत.